सोमवारी भरणारं सभागृह

१

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला देवमन तायडेनं ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा धामणखेडचा विनंती अर्ज त्यात नव्हता.

पिवळ्या फाईलमध्ये नाडीनं बांधलेली सत्तावीस पानं. त्यांवर चारशे तेरा गावकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो नागपूरला हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेत सादर व्हायचा होता आणि देवमन तो घेऊन आजच सातच्या गाडीनं निघणार होता. त्यानं कपाटाचे चारही कप्पे उपसले, टेबलांचे खण उलटे केले. टायपिस्ट आरतीनं न सांगता स्वतःची पर्स रिकामी करून दाखवली. मग त्यानं मला फोन केला.

मला म्हणजे किसन मेहरेला. मी एकतीस वर्षं विधानभवनात प्रतिवेदक होतो. सभागृहात मधोमध बसून, कोण काय बोललं ते लघुलिपीत उतरवणारा माणूस. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. अमरावतीला राजापेठेत दोन खोल्या आहेत, खाली शिकवणीचा क्लास, दिवसभर पोरांच्या गाड्यांचा आवाज. सभागृहात अर्ज कसा पाठवायचा हे ठाऊक असलेला दुसरा कोणी आसपास नाही, म्हणून लोक येतात आणि मी मसुदा लिहून देतो. नाही म्हणायचाही कंटाळा येतो.

धामणखेडचा मसुदा माझाच होता. तेल्हारा तालुक्यातलं खारपाणपट्ट्यातलं गाव. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट, आणि ते वर्षानुवर्षं पिऊन लोकांच्या किडन्या जातात. गोड्या पाण्याची पाइपलाइन सहा किलोमीटर अलीकडे येऊन थांबलेली. अंगणवाडी सेविका सुभद्रा गावंडे आठ महिने दारोदार फिरली, सह्या घेतल्या, आजाऱ्यांची यादी केली. तिचा नवरा याच आजारानं दोन वर्षांपूर्वी गेला. दिराला ती आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला नेते. अर्जावर आमच्या भागातल्या परिषद सदस्यांची स्वाक्षरी झाली होती. त्यांना सगळे साहेबच म्हणतात, मीही म्हणतो. देवमन त्यांचं इथलं ऑफिस सांभाळतो.

मूळ सह्या लागतात, झेरॉक्स चालत नाही. तशी झेरॉक्सही नव्हती. ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावरच आहे, पण प्रती काढायचं काम देवमननं निघायच्या आधीच्या अर्ध्या तासावर ठेवलं होतं.

"मेहरे साहेब," तो म्हणाला, "उद्या सभापती नाव पुकारतील तर साहेबांनी काय सांगायचं?"

२

शुक्रवारी मी घरी बसून मोबाईलवर सभागृहाचं थेट प्रक्षेपण पाहिलं. सवय जात नाही.

कुठल्याशा उत्तरावरून बारा वाजता गोंधळ सुरू झाला. सभापतींनी पंधरा मिनिटांसाठी कामकाज तहकूब केलं. पुन्हा भरलं, पुन्हा गोंधळ, अर्धा तास तहकूब. मग एक तास. पावणेचारला चौथ्यांदा तहकूब झालं, तेव्हा मी भाजी निवडायला घेतली. अधिवेशन पुढच्या गुरुवारपर्यंत चालणार असं छापलेल्या कार्यक्रमात होतं. मला वाटलं, आज नाही तर सोमवारी. तोवर फाईल सापडेल.

सहा पन्नासला सभागृह भरलं आणि अकरा मिनिटांत सगळं उरकलं. दोन विधेयकं चर्चेविना मंजूर. मग विनंती अर्ज. दुसऱ्या सदस्यांनी आपापले दोन अर्ज ठेवले. तिसरं नाव साहेबांचं होतं. ते उभे राहिले, अर्ज सध्या हाताशी नाही म्हणाले आणि खाली बसले. मग सभापतींनी सांगितलं की पुढलं अधिवेशन मुंबईला मार्चमध्ये होईल, आणि राज्यपालांचा आदेश वाचला. अधिवेशन संस्थगित. राष्ट्रगीत सुरू झालं.

पुढचा आठवडाच रद्द झाला होता. संस्थगित झाल्यावर प्रलंबित सूचना आपोआप रद्द होतात. मार्चमध्ये सगळं नव्यानं. मार्चमध्ये अर्ज दिला तर समितीकडे जाऊन तपासणी होईस्तोवर उन्हाळा सरतो, आणि धामणखेडला उन्हाळ्यातच विहिरीचं पाणी सगळ्यात वाईट असतं.

मी सुभद्रेला फोन केला. ती दिराला घेऊन अकोल्यालाच होती, सोमवारपर्यंत तिथंच राहणार होती. तिनं ऑफिसच्या ग्रुपवर वाचलं होतं. मग म्हणाली, "भाऊ, कोनं नेली ते तुमी पाहा. मले त्याले काई म्हणायचं नाई. फक्त इचारायचं हाये, काहून नेली."

३

शनिवारी ऑफिसला गेलो. माळ्यावर दोन खोल्या, खाली झेरॉक्सवाला. बाहेरच्या दाराची चावी त्याच्याकडेच असते. कपाटाची चावी आत कॅलेंडरमागच्या खिळ्याला. चार वेळा येऊन गेलेल्या कोणालाही हे माहीत होतं. झेरॉक्सवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, भरतीचे फॉर्म चालू आहेत, माझ्यापुढं शंभर पोरं उभी असतात, चावी कोण नेतं न् कोण ठेवतं ते बघायला मला डोकं वर करायला सवड नाही.

आरती बावीस-तेवीस वर्षांची, सकाळी स्पर्धा परीक्षेचा क्लास करून इथं येते. तिनं गुरुवारचा दिवस नीट सांगितला. सकाळी फाईल कपाटात होती, तिनंच पाहिली. दुपारी दीडच्या सुमारास धामणखेडहून सुभद्राताई आणि नत्थुजी काका आले. नत्थुजी होले गावचे जुने पंच. सह्या घेताना सुभद्रेबरोबर तेही फिरले होते. अर्ज निघतोय म्हणून दोघं बघायला आलेले. सुभद्राताईंना दवाखान्याचा फोन आला म्हणून त्या गॅलरीत गेल्या. त्याच वेळी सागर आला.

सागरचं नाव आलं की धामणखेडचे लोक तोंड वाकडं करतात. तो तेल्हाऱ्याहून पिकअपमध्ये थंड पाण्याचे जार भरून चौदा गावांत विकतो. गोडं पाणी नळाला आलं की त्याचा धंदा बसला. गुरुवारी तो कसल्याशा शिफारस पत्रासाठी आला होता. आरती त्याचं पत्र टाईप करायला आतल्या खोलीत गेली, पत्रात नाव कसं लिहायचं ते सांगायला तोही मागोमाग गेला. देवमन खाली चहाला. म्हणजे दहा मिनिटं बाहेरच्या खोलीत फक्त नत्थुजी.

"पण काका बाकावर डोळे मिटून बसले होते," आरती म्हणाली. "आणि सागर माझ्याआधी बाहेर आला. त्यालाही दोन मिनिटं मिळाली असतील."

शुक्रवारी दिवसभर फोन येत होते, तेही तिनं सांगितलं. साहेबांचं भाषण झालं का, अर्ज झाला का. चारच्या सुमाराला सगळ्यांना तिनं एकच उत्तर दिलं, तहकूब झालंय. सात वाजता संस्थगित झाल्यावर ग्रुपवर टाकलं. परत फोन करत बसली नाही, कारण ग्रुपवर सगळेच आहेत. मग पुढं म्हणाली, सगळे म्हणजे ज्यांच्याकडे तसला मोबाईल आहे ते.

देवमन खिडकीपाशी बसला होता. एकोणीस वर्षांत त्यानं तीन सदस्य पाहिले. मी त्याला काही विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं की साहेबांचा सकाळी फोन आला होता. भर सभागृहात मान खाली घालावी लागली, सोमवारपासून येऊ नको म्हणाले.

"तुम्ही नाही घेतली ना?" मी विचारलं.

"घ्यायची असती तर गाडीत विसरलो म्हटलं असतं," तो म्हणाला. "कपाटातून कशाला हरवू?"

हे मला पटलं. पण पटणं आणि दाखवून देणं वेगळं. सोमवारी सकाळी साडेनऊला आरतीचा फोन आला. फाईल कपाटात होती.

४

त्याच कप्प्यात, त्याच नाडीनं बांधलेली. रविवारी ऑफिस बंद होतं, खालचं दुकान मात्र फॉर्मसाठी उघडं. कोणीतरी चावी नेली होती आणि परत ठेवली होती.

मी पानं मोजली. सत्तावीस. सह्यांची पानं घामानं, हळदीनं, अंगठ्याच्या शाईनं मळकी झालेली, कोपरे मुडपलेले. चौथं पान तेवढं कोरकरीत. ते आजाऱ्यांच्या यादीचं पान होतं. अक्षर सुभद्रेसारखंच गोल, निळ्या पेनचं. यादी सदतीस नावांवर संपत होती.

पहिल्या पानावरचा मसुदा माझा. त्यात मी लिहिलं होतं, 'गावातील अडतीस रुग्ण'. आकडा सुभद्रेनं दिला होता आणि मी तो तिला दोनदा विचारून घेतला होता. ऐकलेलं बिनचूक लिहिण्यावर माझं पोट चाललं. तिथं चूक होत नाही.

दुपारी सुभद्रा अकोल्याहून थेट आली. चौथं पान तिच्या हातात दिलं. तिनं ते वाचलं नाही, नुसतं पाहिलं. मग फाईल मिटली.

"भेटली ना," ती म्हणाली. "जाऊ द्या आता."

मी म्हटलं, एक नाव कमी आहे. ती म्हणाली, मोजण्यात माझीच चूक झाली असेल. कोणतं नाव ते आठवतं का, विचारलं. नाही म्हणाली. आठ महिने जिनं एकेक घर चढलं, तिला अडतिसातलं एक नाव आठवत नव्हतं. शुक्रवारी तिलाच कारण जाणून घ्यायचं होतं. आता तिला बसची घाई झाली होती.

मीही सोडून दिलं असतं. खरं सांगतो, मला उत्साह नव्हता. गुडघे दुखत होते, आणि अर्ज काय, मार्चमध्ये गेला असता. पण दार उघडून देवमन आत आला. आपला डबा, चष्म्याचं घर आणि भिंतीवरचा मुलीचा फोटो न्यायला. फोटोमागचा खिळा त्यानं उपटून काढला, बोटानं भिंतीवरचं भोक बुजवायचा प्रयत्न केला, आणि सुभद्रेनं खाली पाहिलं.

तेव्हा मला कळलं की तिला ठाऊक आहे आणि ती सांगणार नाही.

५

मंगळवारी फाईल पिशवीत घालून सकाळच्या एसटीनं धामणखेडला निघालो. दर्यापूर, अकोट, मग तेल्हारा. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. गाडीत विचार करायला भरपूर वेळ मिळाला आणि मी एकाच गोष्टीवर अडलो. फाईल परत का आली?

अर्ज बुडवायचा असता तर ती जाळली असती. अर्जाला धक्का लावायचा नव्हता, म्हणूनच सत्तावीसच्या सत्तावीस पानं जपून परत आली. फक्त एक नाव काढायचं होतं. मग रविवारीच का ठेवली? संस्थगित तर शुक्रवारीच झालं. ज्याला ते माहीत होतं, त्याला रविवारीच धावायची गरज नव्हती. तीन महिन्यांत कधीही ठेवली असती तरी चाललं असतं. रविवारी धावला तो माणूस सोमवारी सभागृह भरणार असं समजून चालला होता. त्याच्या कानावर फक्त 'तहकूब' हा शब्द गेला होता.

देवमनला, आरतीला शुक्रवारी सात वाजताच खरं कळलं होतं. सुभद्रेनं ग्रुपवर वाचलं होतं. उरले दोघं, सागर आणि नत्थुजी.

सागर तेल्हारा स्टँडजवळ पिकअपमध्ये जार चढवत होता. मी कोण, कशाला आलो ते सांगितल्यावर त्यानं काम थांबवलं नाही. म्हणाला, गाव माझ्यावर डोळा ठेवून आहे, ठेवू दे.

"यादीत बाराव्या नंबरले पाहा," तो म्हणाला. "पार्वताबाई. माझी माय हाये ते. मले धंदा पाहिजे, पण मायबी पाहिजे ना."

मी पाहिलं. बाराव्या नंबरला पार्वताबाई होत्या. मग विचारलं, अधिवेशन संपल्याचं त्याला कधी कळलं. त्यानं मोबाईल काढून दाखवला. शुक्रवारी सात वाजून बारा मिनिटांनी त्यानं आरतीचा निरोप वाचला होता आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

"काल मात्र गंमत झाली," सागर म्हणाला. जार ठेवायला काल सकाळी तो धामणखेडला गेला, तेव्हा नत्थुजी पारावर बसले होते. त्यांनी त्याला जवळ बोलावून विचारलं, आज सभागृह किती वाजता भरते. सागरला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. तो हसला आणि गाडी काढून निघून गेला.

मी विचारलं, नत्थुजींकडे मोबाईल कसला आहे.

"बटनाचा," तो म्हणाला. "काहून?"

६

नत्थुजींचं घर गावाच्या टोकाला, पुढं टिनाची पडवी. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, तीन-चार दिवसांचं, सुकत आलेलं. त्यांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसायला लागले तेव्हा मी हात धरून शेजारी घेतलं. एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी जारचं होतं. वीस-एकवीस वर्षांची, पायाच्या घोट्यांवर किंचित सूज.

तोरण कशाचं, मी विचारलं.

"आमच्या पोरीचं, आचलचं साक्षगंध झालं शनिवारी," नत्थुजी म्हणाले. "दर्यापूरकडचे सोयरे हायेत. पोरगा शिवम, मेडिकलवर कामाले हाये. चांगला हाये."

मी फाईलमधलं चौथं पान काढून खाटेवर ठेवलं. त्यांनी त्याकडे पाहिलं नाही. आचलनं पाहिलं.

मी आरोप केला नाही. एसटीत जे मांडलं होतं तेच त्यांना सांगितलं, त्याच क्रमानं. फाईल जपून परत आली, ती रविवारी आली, सोमवारी सभागृह भरणार असं समजणाऱ्यानं आणली, आणि तसं समजणारा माणूस एकच उरतो. नत्थुजींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे काल भरलंच नाई?"

"नाही."

"ऑफिसातली पोरगी फोनवर म्हणे तहकूब झालं. तहकूब म्हणजे पुन्हा भरते ना?"

मी त्यांना समजावलं. हे मी आयुष्यात कितीदा तरी समजावलं असेल, पण कधी इतकं जड गेलं नव्हतं. तहकूब सभापती करतात. पंधरा मिनिटं असो, चार दिवस असोत, अधिवेशन चालूच असतं आणि काम जिथं थांबलं तिथून पुढं जातं. संस्थगित राज्यपाल करतात. मग ते अधिवेशनच संपतं, आणि पुन्हा बोलावणं येईपर्यंत कोणाला बसता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ते झालं. तुमच्या अर्जाचं नाव पुकारलं गेलं आणि अर्ज नव्हता.

"आता कवा?"

"मार्च."

ते उठले, पडवीच्या खांबापर्यंत गेले, परत आले. "मले वाटलं तीन दिवसाचा सवाल हाये," ते म्हणाले. "शुक्रवारचं सोमवारी होईन. कोनाचं काई बिघडत नाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गुरुवारी ऑफिसात सुभद्रा आणि आरती बोलताना त्यांनी ऐकलं की अर्ज एकदा सादर झाला की छापला जातो, पेपरातही येतो. यादीत आचलचं नाव होतं. सहा महिन्यांपूर्वी अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं होतं, सुरुवात आहे, गोडं पाणी मिळालं तर इथंच थांबेल. सुभद्रेला त्यांनी विश्वासानं सांगितलं आणि तिनं नाव घेतलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत. तेव्हा सोयरीक ठरली नव्हती. गेल्या चार वर्षांत धामणखेडच्या सात पोरींची लग्नं गावाचं नाव ऐकून मोडली होती. खोली रिकामी झाली, चावी खिळ्याला दिसत होती, फाईल त्यांनी सदऱ्याखाली घेतली. पान फाडून टाकलं असतं तर सदतीस जणांचं नुकसान. म्हणून पान नव्यानं लिहिलं, साखरपुडा उरकला आणि रविवारी कपड्याच्या खरेदीला जातो सांगून अमरावतीला जाऊन आले.

"लिहिलं कोणी?" मी विचारलं, तरी उत्तर माहीत होतं.

"म्या," आचल म्हणाली. ती दारातच उभी होती. "माझं अक्षर सुभद्राकाकूसारखं हाये. अंगणवाडीत त्यायनंच शिकवलं."

मग म्हणाली, "लिहिताना माझ्या नावापाशी आली तं हात थांबला. मग बाबा म्हणाले, पुढचं लिही."

७

नत्थुजी स्वतःच सुभद्रेच्या घरी गेले. मी मागून चाललो. तिनं दोघांना बसायला पाट दिले. नत्थुजींनी जे केलं ते एका वाक्यात सांगितलं आणि मान खाली घातली.

सुभद्रा म्हणाली, तिनं काल पान हातात घेतलं तेव्हाच अक्षर ओळखलं होतं. आतल्या खोलीत दीर झोपला होता, त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. ती हळू आवाजात बोलली. "मले राग आला नाई असं नाई, दादा. पण म्हटलं पोरगी एकदा सासरी जाऊ दे. मंग पाहू."

"देवमनचं काय?" मी विचारलं.

तेवढंच तिला झोपू देत नव्हतं, असं ती म्हणाली.

बुधवारी नत्थुजी अमरावतीला आले आणि साहेबांसमोर उभे राहिले. मी बाहेर बसलो होतो. दहा मिनिटांनी साहेब बाहेर आले आणि देवमनला फोन लावायला सांगितलं. पोलिसांचा विषय त्यांनी काढला नाही, एवढं त्यांच्या नावावर जमा. देवमननं फोन घेतला, ऐकून घेतलं, आणि आपण यापुढं येणार नाही असं सांगितलं. त्याच्या मेहुण्याचं बडनेऱ्याला स्टेशनरीचं दुकान आहे, तिथं बसतो. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, निर्दोष ठरलो ते बरं झालं, पण ज्यानं एका फोनवर काढलं त्याच्याकडे पुन्हा एका फोनवर जायचं नाही.

आचलनं त्याच बुधवारी, बाप गावात नसताना, शिवमला फोन करून सगळं सांगितलं. आपल्या रक्ताचा रिपोर्ट, फाईल, पान, सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग दहा दिवस त्या घरून काही निरोप नाही. नत्थुजींनी तोरण काढलं.

अर्जाचं काम पुन्हा सुरू झालं. चारशे तेरांपैकी दोघं त्या महिन्यात वारले होते, म्हणून सह्या नव्यानं घ्यायच्या ठरल्या. मी नवा मसुदा घेऊन पुन्हा धामणखेडला गेलो. या वेळी लिहायला आचल बसली. सुभद्रेच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली, वही पुढ्यात, आणि नत्थुजी एकेका घरच्या माणसाला बोलावून आणत होते. पहिल्या ओळीवर तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. बापानं ते पाहिलं आणि पुढच्या घरी गेला.

दुपारी एक मोटरसायकल येऊन थांबली. पोरगा उतरला, हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला. आचलचा पेन थांबला, त्यावरून मला कळलं हा शिवम. नत्थुजी घाईनं पुढं झाले, त्यांना वाटलं मोडल्याचा निरोप घेऊन आला.

तो बसला. पाणी दिलं ते प्यायला नाही. शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यानं सुभद्रेच्या हातात दिला. ती यादी करते एवढं त्याला माहीत होतं. दवाखान्याचा किडनीचा रिपोर्ट होता, दीड वर्षापूर्वीचा.

"आमच्या घरच्यायनं तुमाले सांगतलं नाई," तो नत्थुजींकडे पाहून म्हणाला. "मीबी नाई सांगतलं. मले वाटलं कळलं तं सोयरीक मोडन."

नत्थुजी खांबाला टेकून खाली बसले. सुभद्रेनं रिपोर्ट दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि त्याला विचारलं, तुमच्या गावात असे किती आहेत.

त्याला माहीत नव्हतं. कोणी मोजले नव्हते.

आचलनं वहीचं पान उलटलं, कोऱ्या पानावर त्याच्या गावाचं नाव लिहिलं, खाली एकचा आकडा घातला आणि वर पाहिलं. शिवमनं आधी आपलंच नाव सांगितलं.